वाचकांचे प्रश्न : लाईट आली, पण कॉम्प्युटर उठेना

यावेळी पत्रांपैकी निम्मी एकाच विषयावर आलीत, लांबचा कॉम्प्युटर हाताळायची छोटी पेटी, केव्हीएम. पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांना हे आठवतंच, लाईटचा लपंडाव सुरू होतो ना. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज हेच.

प्रश्न : आमचं सासर वेंगुर्ल्याजवळ, सासऱ्यांचा छोटा काजू कारखाना आहे. हिशेब आणि बिलं मी डोंबिवलीहून एनीडेस्कवरून (लांबचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) बघते. पण लाईट जाऊन आली की कधी कॉम्प्युटर उठतच नाही, कधी उठतो पण काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येऊन अडकतो, एफ वन दाबा म्हणतो. बाबांना फोनवर विचारलं तर म्हणतात, "गो, मशीन चालू असा, पण स्क्रीनार कायच दिसणा नाय." मुलगा म्हणतो केव्हीएम नावाची पेटी घेऊया. घेऊ का?

उत्तर : ताई, पेटी घ्या, पण त्याआधी एक सेल घ्या. खरंच. मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य बोर्डावर) रुपयाच्या नाण्यापेक्षा जाड अशी एक चकती असते, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की लाईट गेल्यावर कॉम्प्युटर तारीख आणि बायोसची (विंडोजच्या आधी उठणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) सेटिंग विसरतो, मग चालू होताना एफ वन मागत बसतो. तुमची तारीख मधेच कुठल्यातरी जुन्या वर्षावर जाते का बघा, जात असेल तर शंभर टक्के सेलच. माझ्या दुकानात (कणकवलीला रिपेअरिंगचं दुकान आहे माझं) पावसाळ्यात अशी पाच-सहा मशीन तरी येतात आणि मालकाला वाटत असतं की बोर्ड उडाला.

सेल बदलला की तिथेच बायोसमध्ये शिरून अजून एक काम. "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा तशा नावाचं सेटिंग असतं, ते "पॉवर ऑन" करा. मग लाईट आली की कॉम्प्युटर आपणहून उठतो, बाबांनी बटण दाबायची गरज नाही. हे सेटिंग सेलच्या जिवावर टिकतं म्हणून सेल आधी.

आता पेटी. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्रोमचं रिमोट डेस्कटॉप ही सगळी विंडोजच्या आत राहणारी माणसं आहेत, विंडोज उठलं तर ती उठणार. विंडोज अर्ध्यावर अडकलं, निळा पडदा आला, अपडेट करता करता गोल गोल फिरत राहिलं, तिथे ती काही कामाची नाहीत. १९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात ८५ लाखांच्या आसपास विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले. इलाज साधा होता, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतं चालू करायची सोय) जायचं आणि एक फाईल उडवायची, पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी माणसाला उठून मशीनपाशी जावं लागलं.

केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. पेटी कॉम्प्युटरच्या बाहेर बसते. कॉम्प्युटरची एचडीएमआय केबल तिच्यात जाते, म्हणजे मॉनिटरला जे चित्र जायचं ते तिला मिळतं, आणि तिच्याकडून एक यूएसबी कॉम्प्युटरला जाते, ती कॉम्प्युटरला सांगते की मी साधा कीबोर्ड आहे, माऊस आहे, पाहिजे तर पेनड्राईव्ह पण आहे. कॉम्प्युटरला पत्ताच नसतो की पलीकडे कोण बसलंय. तुम्ही डोंबिवलीत ब्राउझर उघडायचा आणि बायोसपासून सगळं दिसतं, एफ वन दाबता येतं, वेळ आली तर पेटीतूनच विंडोजची आयएसओ फाईल (इन्स्टॉलेशनची अख्खी डिस्क एका फाईलमध्ये) लावून नवीन विंडोज पण टाकता येतं. मोठ्या सर्व्हरमध्ये ही सोय आधीपासून आतच असते, डेलचं आयड्रॅक, एचपीचं आयलो, सामान्य माणसाच्या डेस्कटॉपला मात्र बाहेरून लावावी लागते. रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटर बोर्डावर चालणारं पायकेव्हीएम यातलं जुनं-जाणतं नाव, ओपन सोर्स आहे, हौस असेल तर मुलाला सुट्या भागांतून घरी जुळवता येईल. जेटकेव्हीएम, नॅनोकेव्हीएम या तयार पेट्या.

जुनं मशीन असेल आणि मागे नुसता व्हीजीए असेल तर व्हीजीए ते एचडीएमआय असा कन्व्हर्टर लागेल, उलटा नको, दुकानदार हमखास उलटा देतो, आणि तो उलट्या दिशेने अजिबात चालत नाही.

पॉवरचं बटण लांबून दाबायचं असेल तर पेटीबरोबर एक छोटा एटीएक्स बोर्ड येतो किंवा वेगळा घ्यावा लागतो, कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या बारीक वायरी मदरबोर्डला जिथे लागतात तिथे तो मधे बसवायचा. मग पॉवर, रिसेट दोन्ही डोंबिवलीतून. एकदम हँग झालेल्या मशीनला पाच-सात सेकंद बटण धरून ठेवायचं तेही होतं. या बोर्डाशिवाय घेऊ नका असं माझं मत, कारण कोकणात अर्धं दुखणं पॉवरचंच.

आता माझी फजिती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. आचऱ्याला एका मित्राच्या होमस्टेमध्ये कॅमेऱ्यांच्या कॉम्प्युटरला पेटी लावली, आणि आळस म्हणून तिला वेगळा अ‍ॅडॉप्टर न देता कॉम्प्युटरच्याच यूएसबीवर चालवली. छान चाललं दोन आठवडे. एका रात्री कॉम्प्युटर बंद पडला, त्याच्याबरोबर यूएसबी बंद, यूएसबीबरोबर पेटी बंद, म्हणजे ज्या कामासाठी पेटी बसवली त्याच वेळी ती झोपलेली. भर पावसात गाडी काढून गेलो, बटण दाबलं, चहा घेतला, परत आलो. तर पेटीला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर, आणि तो अ‍ॅडॉप्टर आणि राऊटर दोन्ही छोट्या यूपीएसवर. या दोघांना वीज किती कमी लागते, साधा राऊटरचा मिनी यूपीएस पण तास-दोन तास ओढतो. रास्पबेरी पाय फोरवर पेटी जुळवत असाल तर एकाच टाईप सी भोकातून पॉवर आणि कॉम्प्युटरचं कनेक्शन दोन्ही जातं, तिथे स्प्लिटर लागतो हे मुलाला सांगा, रास्पबेरी पायच्याच झिरो टू डब्ल्यू बोर्डाला दोन वेगळी भोकं आहेत त्यामुळे ती भानगड नाही.

अजून एक, खाऱ्या हवेने एचडीएमआयच्या पिना हिरव्या होतात. आचऱ्याची केबल वर्षाने काढली तर टोकाला शेवाळासारखा थर. वर्षातून एकदा काढून पुसा. आणि अंगणातून, माडावरून ओढलेली लॅनची वायर पेटीला लावू नका, मे-ऑक्टोबरच्या विजा त्या वायरीतून आत येतात, वायफाय बरं.

राहिलं इंटरनेट. कारखान्यात सिमकार्डवाला राऊटर असेल तर बाहेरून थेट पोचता येत नाही, कारण सिमची कंपनी इंटरनेटच्या एकाच पत्त्यामागे बरीच गिऱ्हाईकं ठेवते. टेलस्केल नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पेटीत आणि तुमच्या लॅपटॉपवर टाका, दोघं एकमेकांना शोधतात. राऊटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पोर्ट उघडता येत असला तरी नको. ही पेटी म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची आहे, बँकेचा पासवर्ड टाकताना जे दिसतं ते तिला पण दिसतं. पायकेव्हीएमचा मूळ पासवर्ड अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असतो, पहिल्या पाच मिनिटांत बदला, आतल्या रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पण बदला. नॅनोकेव्हीएमच्या बोर्डावर चक्क छोटा माईक सापडला होता, त्यावरून बराच गदारोळ झाला. स्वस्त पेटी घेताना जरा चौकशी करा.

प्रश्न : पुण्यात नोकरी, ऑफिसला यायची सक्ती नाही पण लॅपटॉप पुण्यातच हवा असा कंपनीचा नियम आहे. मला आईजवळ दापोलीला राहायचंय. लॅपटॉप पुण्यातल्या रूमवर ठेवून त्याला केव्हीएम लावलं तर कंपनीला कळेल का?

उत्तर : भाऊ, कळू शकतं. पेटी लॅपटॉपला जोडली की यूएसबीतून स्वतःचं नाव सांगते, मॉनिटर म्हणूनही नाव सांगते, आणि कंपनीचे लोक हल्ली हेच शोधत असतात. कारण उत्तर कोरियाच्या लोकांनी खोट्या नावाने अमेरिकन कंपन्यांत घरबसल्या नोकऱ्या धरल्या, कंपनीचे लॅपटॉप तिथल्याच कोणाच्यातरी घरी रांगेने मांडून ठेवलेले आणि हे लांबून चालवणार, त्यात या पेट्या पण सापडल्या. तुमचा हेतू आईचा आहे, पण कंपनीच्या नोंदींमध्ये (लॉगमध्ये) हेतू दिसत नाही. नाव लपवायच्या युक्त्या मी सांगणार नाही. मॅनेजरला सरळ विचारा, महिन्यातले दोन आठवडे दापोली द्या म्हणा. नाहीच म्हणाला तर निदान नोकरी शाबूत.

प्रश्न : रत्नागिरीला डीटीपीचं काम करतो. केव्हीएमच्या पेस्ट बटणातून इंग्रजी मजकूर जातो, मराठी टाकला की काहीच उमटत नाही. पेटी खराब?

उत्तर : पेटी ठणठणीत आहे. ती अक्षरं पाठवतच नाही, बटणं पाठवते. पेस्ट केलेल्या मजकुरातलं एकेक अक्षर कुठल्या बटणाचं ते ती तक्त्यात शोधते, आणि त्या तक्त्यात आपला क नाही, मग सोडून देते. पलीकडच्या कॉम्प्युटरवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करा आणि हाताने टाईप करा, तुम्ही केचं बटण दाबलं की तिकडचं विंडोज त्याचा क करेल, जेचा र. मोठा मजकूर असेल तर फाईल गुगल ड्राईव्हवर टाकून तिकडे उघडा, उगाच पेस्टशी झटापट कशाला.

प्रश्न : वेक ऑन लॅनने फुकटात कॉम्प्युटर चालू होतो म्हणतात, मग एवढा खर्च का? (मालवणहून एक काका)

उत्तर : काका, होतो चालू. वेक ऑन लॅन म्हणजे लॅनच्या वायरीतून निरोप पाठवून कॉम्प्युटर जागा करायचा. पण लॅनची वायर लागते, घरातच दुसरं काहीतरी जागं असावं लागतं जे तो निरोप पाठवेल, आणि लाईट पूर्ण जाऊन आल्यावर बरीच मशीन त्या निरोपाला ओ देत नाहीत. शिवाय चालू झाल्यावर पुढे स्क्रीनवर काय अडकलंय ते दिसत नाही ते नाहीच. तुमचं मशीन नुसतं झोपत असेल, बाकी काही दुखणं नसेल, तर पेटी नका घेऊ, पैसे वाचवा. वेंगुर्ल्याच्या ताईंसारखं एफ वन मागत असेल तर आधी तो सेल बघा.