लिनक्स डिस्ट्रोमध्ये (डेबियन, फेडोरा, उबंटू अशा तयार लिनक्स सिस्टीममध्ये) एखादं पॅकेज (प्रोग्रॅम किंवा फॉन्टचा इन्स्टॉल करायचा गठ्ठा) बिघडलेलं असेल तर युजरनं रिपोर्ट करून खरंच काही उपयोग होतो का?

होतो. पण वेळ लागतो आणि समोरचा नीट वाचेल याची खात्री नाही.

बेळगावात माझं डीटीपीचं काम आहे, सगळं लिनक्सवर. आमच्याकडं मुलगी गोकाकची आणि मुलगा चंदगडचा, म्हणजे एकाच पत्रिकेत अर्धं कन्नड अर्धं मराठी, हे रोजचंच. ऐन लग्नसराईत मशीन नव्या रिलीजवर गेलं आणि कन्नड जसंच्या तसं, मराठी मात्र सगळं विस्कटलं, ओळी खाली घसरल्या, नावं तुटली. प्रूफ बघायला मुलाचे काका आलेले, ते म्हणाले, "हे ल असलं काय आलंय, हिंदी वाटालंय." बरोबर होतं त्यांचं. पाकळीचा ल आणि देठाचा श दोन्ही गेलेले. युनिकोडमध्ये ल एकच आहे, मराठी आकार द्यायचा की हिंदी हे फॉन्ट ठरवतो, आणि तो फॉन्टच मशीनवरून गायब होता, लिब्रेऑफिसनं गुपचूप दुसरा बसवलेला.

एपीटीचा, म्हणजे पॅकेज टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमचा, हिस्टरी लॉग उघडला तर सगळं समोर आलं. आधी देवनागरीचे फॉन्ट एका पॅकेजमध्ये होते, नव्या रिलीजमध्ये त्याचे तुकडे केले, आणि मराठीच्या मेटापॅकेजच्या डिपेंडन्सीत, म्हणजे मराठीसाठी लागणारी पॅकेजं ओढून आणणाऱ्या यादीत, नवा तुकडा घालायचा राहिला, मग ऑटोरिमूव्हनं, म्हणजे कुणालाच लागत नाहीत ती पॅकेजं काढणाऱ्या कमांडनं, जुनं पॅकेज उचलून टाकलं. म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्यांचा काही दोष नाही, चूक सरळ पॅकेजिंगची. मी लॉगसकट रिपोर्ट टाकला. मेंटेनरनं, म्हणजे डिस्ट्रोत ते पॅकेज सांभाळणाऱ्यानं, काय करावं? "फॉन्टचा प्रश्न आहे, अपस्ट्रीमला कळवा" म्हणून, म्हणजे मूळ फॉन्ट बनवणाऱ्यांकडं बोट दाखवून, बंद केला. डिस्ट्रोचं नाव घेत नाही, पण याचा राग अजून आहे, कारण लॉग पहिल्याच ओळीत होता.

आमचे दाजी पुण्यात आयटीत आहेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले, फुकटचं वापरतोस आणि वर तक्रार करतोस, ती माणसं काय तुझी नोकर आहेत काय. हे मला बिलकुल पटत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) जुनी रिलीज टाकायची, अपग्रेड करायची, कुठल्या पायरीला काय निघालं ते लिहून काढायचं, हे काम आहे, आणि तेही फुकटच केलेलं आहे. डेबियनचा सोशल कॉन्ट्रॅक्ट 1997 चा आहे, त्यात अडचणी लपवणार नाही, बगचा सगळा डेटाबेस कायम सगळ्यांसाठी उघडा ठेवू, असं लिहून दिलंय. फेडोरात तर अपडेट आधी टेस्टिंगमध्ये येतं आणि वापरणाऱ्यांनी कर्मा (अधिक किंवा उणे मत) दिला की पुढं जातं, उणे आला तर अडकतं. म्हणजे युजरचं बोलणं तिथं कामाचाच भाग धरलंय. दाजींना हे दाखवलं, तरी मानत नाहीत.

मी तो रिपोर्ट परत उघडायला लावला, व्हर्च्युअल मशीनमधल्या पायऱ्या लिहून. दुसऱ्या एका युजरनं त्याच पायऱ्या करून दुजोरा दिला, मग दुसऱ्या मेंटेनरनं डिपेंडन्सीत एक ओळ वाढवली. एक ओळ! तीही पुढच्या रिलीजला. तोवर मी फॉन्ट हातानं टाकून पत्रिका छापल्या.

तर तुम्ही रिपोर्ट करणार असाल तर डेबियनवर रिपोर्टबग हा प्रोग्रॅम वापरा, व्हर्जन आणि डिपेंडन्सी तो स्वतः जोडतो. उबंटूवर उबंटू-बग. एका रिपोर्टमध्ये एकच गोष्ट लिहा, आणि बंद केला तर गप्प बसू नका, पुरावा घेऊन परत जा. तुमचे दाजी काय म्हणतात ते सोडून द्या.

हां, एक राहिलंच, मेंटेनर बहुतेक जण नोकरी सांभाळून हे करतात, तेव्हा भांडा पण शिव्या नकोत. आणि स्टेबलमध्ये (डेबियनच्या पक्क्या रिलीजमध्ये) जुनं व्हर्जन का देता असला रिपोर्ट टाकू नका, स्टेबल मुद्दाम गोठवलेलं असतं, सिक्युरिटी आणि गंभीर बग सोडले तर त्यात काही बदलत नाहीत. नवं पाहिजे असेल तर बॅकपोर्ट्समध्ये (स्टेबलसाठी वेगळी ठेवलेली नवी व्हर्जन असतात तिथं) मिळतंय का बघा.