सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्लांट टाकायचाय? आधी टॅक्सचं गणित समजून घे

भाऊ, सबसिडीचा आकडा बघून लगेच प्रोजेक्ट रिपोर्ट करू नकोस, आधी प्रेसमड (उसाचा रस गाळून उरणारा गाळ, ज्यापासून हा गॅस बनतो) वर्षभर कुठून येणार ते बघ, साखर कारखाना चार-पाच महिने चालतो आणि साठवलेला प्रेसमड कुजून त्यातला गॅस कमी होत जातो.

मग टॅक्स. सीबीजीवर जीएसटी ५ टक्के, पण मशिनरीवर भरलेला जीएसटी इन्व्हर्टेड ड्युटीच्या (विक्रीपेक्षा खरेदीवर जास्त कर) रिफंडमध्ये धरत नाहीत, तो क्रेडिट म्हणून पडून राहतो, म्हणजे तेवढं भांडवल अडकलं (सीएला हे पहिल्याच मीटिंगला विचार). सीएनजी मात्र जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे सीबीजी मिसळलेल्या सीएनजीवर दुहेरी कर बसायचा, २०२३ च्या बजेटने त्यातल्या सीबीजीवर भरलेल्या जीएसटीइतकी एक्साइज (उत्पादन शुल्क) माफ केली, फार चांगलं झालं. गॅस काढून उरलेलं खत विकलं जाईल का तेही आत्ताच ठरव.