मातीच वाहून गेली, तर मार्चची वसुली कशाची करायची?

प्रश्न : साहेब, नमस्कार. परंडा तालुक्यात सीनेच्या काठी आमचं गाव आहे. मी गेल्या वर्षी गावच्या पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीची चेअरमन झाले आणि सप्टेंबर २०२५ च्या पुराने सगळं धुऊन नेलं. दोनशेच्या वर कर्जदार सभासद आहेत. कुणाचं सोयाबीन उभ्या पाण्यात कुजलं, कुणाच्या रानात खालचा मुरूम उघडा पडलाय. सरकारने वसुलीला स्थगिती दिली आहे, पण आमचे सचिव म्हणतात, "मार्चमध्ये नवं-जुनं करून घेऊ, म्हणजे जुनं कर्ज भरल्याचं दाखवून लगेच नवं उचलू, नाहीतर सोसायटी अनिष्ट तफावतीत जाईल, म्हणजे तिचं बँकेला देणं सभासदांकडच्या येण्यापेक्षा जास्त होईल." सभासद म्हणतात, "कर्जमाफी येणारच आहे, भरायचं कशाला?" मला दोन्ही पटत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, तुम्हाला दोन्ही पटत नाही, ते योग्यच आहे. आधी नवं-जुनं करण्याबद्दल सांगतो, कारण ते पाप माझ्या हातून घडलेलं आहे.

मार्च २०१४. फेब्रुवारीच्या शेवटापासून गारपीट चालू होती. मी तेव्हा जिल्हा बँकेचा निरीक्षक, माझ्याकडे अकरा सोसायट्या. एका गावात काढणीला आलेली ज्वारी आडवी झालेली, द्राक्षाच्या काड्या सोलून निघालेल्या. पंचनामे संपले नव्हते आणि वरून निरोप आला, वसुली नव्वद टक्क्यांच्या खाली नको. मी सचिवाला बसवून नवं-जुनं करून घेतलं. पैसा एका आडत्याचा, शेकडा तीन रुपये व्याजाने. मार्चअखेरीला भरणा दाखवला, एप्रिलमध्ये नवीन कर्ज टाकलं आणि ते उचलून आडत्याला परत केलं. वसुली ९४ टक्के. सभासदाच्या हातात बियाण्यापुरतासुद्धा पैसा राहिला नाही. कागदावर त्या गावात गार पडलीच नव्हती. पुढची दोन वर्षं पाऊस नाही, आणि २०१६ च्या मार्चमध्ये तेच गाव एकदम थकलं. एका सभासदाने बैलजोडी विकून माझ्यासमोर पैसे मोजले. निरोप वरून आला होता हे खरं, पण तपासणीच्या कागदावर सही माझी होती.

यातलं वाईट हे की, नवं-जुनं केलं की पुरात सापडलेलं कर्ज कागदावर फिटतं. मग पुनर्गठन, म्हणजे त्या कर्जाची मुदत वाढवून हप्ते पाडणं, कशाचं करणार? शेतकऱ्याच्या हातातली एकुलती सवलत आपण आपल्याच हाताने पुसून टाकतो. म्हणून तुमच्या कार्यकारी समितीत पहिला ठराव हाच घ्या, की पूरबाधित खात्यात यंदा नवं-जुनं होणार नाही.

आता सचिवांची भीती. ती खोटी नाही. सोसायटीत कर्ज दोन पातळ्यांवर असतं, सभासदाचं सोसायटीला आणि सोसायटीचं जिल्हा बँकेला. समजा ऐंशी सभासदांचं साठ लाखांचं पीककर्ज तुम्ही मध्यम मुदतीत बदललं आणि बँकेने सोसायटीच्या खात्यावर तेच साठ लाख अल्पमुदतीचं ठेवलं. ३१ मार्चनंतर सोसायटी थकबाकीदार. तिच्यावर दंडव्याज चढतं, ते सभासदाच्या नावे टाकता येत नाही, आणि तिथून तफावत वाढायला लागते. उपाय एकच, दोन्ही पातळ्यांवरचं पुनर्गठन एकाच वेळी झालं पाहिजे. सभासदांची यादी, ठराव, बाधित क्षेत्राचा तलाठ्याकडचा तपशील, सगळं एका गठ्ठ्यात बँकेकडे द्या, पोच घ्या, आणि सोसायटीच्या खात्याचं रूपांतर झाल्याचं पत्र लेखी मागा. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

बँकेच्या साहेबांनी "आमच्याकडे कुठून पैसा आणू?" म्हटलं, तर नम्रपणे आठवण द्या की हा प्रश्न जुना आहे. गोरवाला समितीच्या ग्रामीण पतपाहणीनंतर १९५६ साली रिझर्व्ह बँकेत स्थिरीकरण निधी उभा केला तो याचसाठी, आणि १९८२ साली नाबार्ड ही शेती आणि ग्रामीण कर्जाची राष्ट्रीय बँक झाल्यावर ते काम नाबार्डकडे गेलं. त्या समितीत आपले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळही होते. एका गावच्या सोसायटीचं सगळं कर्ज एकाच नदीच्या काठावर आणि बहुतेक एकाच पिकावर असतं. पूर आला की सगळे सभासद एकाच रात्री बुडतात. इतका धोका गावाने एकट्याने पेलायचा नसतो. तो जिल्ह्याने, राज्याने, नाबार्डने वाटून घ्यावा, म्हणून तर गावची सोसायटी, जिल्हा बँक आणि राज्य सहकारी बँक अशी ही त्रिस्तरीय रचना आहे आणि तिच्यामागे नाबार्ड आहे.

आता यादी कशी करायची. सरसकट करू नका. रानात जा. सचिव, दोन संचालक आणि तुम्ही, रोज दहा-पंधरा रानं.

ज्यांचं पीक गेलं पण माती जागेवर आहे, त्यांचं पुनर्गठन सरळ आहे. व्यापारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत ३३ ते ५० टक्के नुकसानीला दोन वर्षं आणि ५० टक्के किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत होती, दोन्हींत पहिलं वर्ष हप्त्याविना. जिल्हा बँकेची मुदत तिच्या परिपत्रकात बघून घ्या. सव्वा लाखाचं कर्ज पाच वर्षांचं झालं, तर पहिलं वर्ष सोडून चार हप्ते, मुद्दलाचे सव्वा एकतीस हजार आणि वर व्याज. सोबत नवीन पीककर्ज मिळालंच पाहिजे. नुसता हप्ता पुढे ढकलला आणि पेरायला पैसे दिले नाहीत, तर तो माणूस सावकाराकडेच जाणार.

पुनर्गठनाचा खर्चही सभासदाला सांगा. पीककर्ज वेळेवर फेडलं तर तीन लाखांपर्यंत राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याजसवलत योजनेतून त्याला शून्य टक्के व्याज पडतं. पुनर्गठित कर्जाला पहिल्या वर्षी केंद्राची व्याजसवलत मिळते, एरवी दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा व्याजदर. म्हणून ज्याचं दहा गुंठेच पाण्याखाली गेलं आणि बाकी ऊस उभा आहे, त्याला ओढून यादीत घालू नका. त्याने भरावं, त्यातच त्याचा फायदा आहे.

सगळ्यात अवघड ते, ज्यांची माती गेली. यांच्यासाठी सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदात रकानाच नसतो, आणि मला यांचीच जास्त काळजी आहे. एका एकरात अर्धा फूट माती पसरायची तर साधारण २१८ ब्रास लागते. ट्रॉलीत एक ब्रास धरा, म्हणजे २१८ ट्रॉल्या. सरकारी मदत हेक्टरी ४७ हजार, म्हणजे एकरी एकोणीस हजार. भागाकार केला तर ट्रॉलीला ८७ रुपये येतात. त्यात डिझेलही भागत नाही. राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत कामं करण्याची तरतूद आहे, तिच्या मागे लागा. ग्रामसभेचा ठराव, तहसीलला पाठपुरावा, गाळ कुठून उचलणार त्याची जागा. हे काम सोसायटीचं नाही असं कुणी म्हणेल. सोसायटीचंच आहे, कारण त्या मातीवरच तुमचं कर्ज उभं आहे. आणि तोवर मुरमाच्या रानावर पूर्ण क्षेत्राचं नवीन पीककर्ज देऊ नका. उरलेल्या चांगल्या क्षेत्रावर द्या. दया म्हणून दिलेलं कर्ज दोन वर्षांनी त्याच्याच सातबाऱ्यावर बोजा होऊन बसतं.

पीकविम्याच्या भरवशावर वसुलीचा अंदाज बांधू नका. खरीप २०२५ पासून राज्यात भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या रानात पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर ठरते, आणि सरासरी महसूल मंडळाची असते. नदीकाठची वीस रानं बुडाली आणि माळावरचं पीक तरलं, तर मंडळाच्या सरासरीत नदीकाठ दिसतच नाही. मदतीची रक्कम खात्यात आली की सचिवांना ती कर्जाला वळवू देऊ नका. ती घरात चूल पेटावी म्हणून आहे.

राहिली कर्जमाफी. ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ असं सरकारने सांगितलं होतं, म्हणून सभासद थांबलेत, हे समजू शकतो. पण २०१७ ला दीड लाख आणि २०१९ ला दोन लाख अशी मर्यादा होती, शिवाय तारखांच्या अटी. २०१९ च्या योजनेत पुनर्गठित कर्जही धरलं होतं आणि नियमित फेडणाऱ्यांना ५० हजारांपर्यंत प्रोत्साहनही होतं. पुनर्गठन केलं म्हणून माफी हुकेल, ही गावातली भीती त्या वेळी तरी खरी ठरली नाही. सभेत हे सांगा, आणि पुनर्गठनाच्या संमतीवर सह्या घ्या.

प्रश्न : माझं राष्ट्रीयीकृत बँकेतलं कर्ज २०२४ पासूनच थकीत आहे. यंदा सोयाबीनही गेलं. मला पुनर्गठन मिळेल का? (औसा तालुका, लातूर)

उत्तर : नाही. आपत्तीच्या दिवशी जे कर्ज आधीच थकीत होतं, ते या सवलतीत बसत नाही. पण नुकसानीची सरकारी मदत आणि विम्याची भरपाई यांचा थकबाकीशी संबंध नाही, ती तुमचीच आहे. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, पूर्वीचं नुकसान कशामुळे झालं ते लिहा, आणि तडजोडीची रक्कम किती ते लेखी मागा. जुनं मिटवण्यासाठी हातउसने घेऊन नवीन उचलायचा सल्ला कुणी दिला, तर तो घेऊ नका.