घशाचं ऑपरेशन स्वस्त दिसतंय, पण एफडी मोडायची घाई नको

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर ४४ वर्षांचे, अंबड एमआयडीसीत सुपरवायझर, उंची १७० सेंमी, वजन १०८ किलो. रात्रभर घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मग ताईच त्यांना हलवून उठवतात. गेल्या महिन्यात सिग्नलला बाइकवर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. स्लीप स्टडीत तीव्र स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडकण्याचा आजार निघाला. मास्कमधून दाबानं हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन एक रात्र लावलं आणि मास्कमध्ये गुदमरतं म्हणून ठेवून दिलं. आता एका डॉक्टरांनी वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायचं स्लीव्ह ऑपरेशन सुचवलंय, खर्च सव्वाचार लाख. दुसऱ्यांनी घशाचं सुचवलंय, एक लाख साठ हजार. कंपनीचा ३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम आहे आणि जून २०२१ पासून घरचा ५ लाखांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाचा मिळून एक आरोग्य विमा. सहा लाखांची एफडी आहे, ती अकरावीतल्या मुलीच्या इंजिनीअरिंगसाठी. ताई विचारतात, "लठ्ठपणाला विमा पैसे देत नाही असं सगळेच म्हणतात. मग एफडीतून घशाचं उरकून घ्यावं का?"

ताई, कुठलं ऑपरेशन करायचं हे डॉक्टरच ठरवतील. पण तुमचा हिशेब ज्या समजावर उभा आहे, तो समज चुकीचा आहे. घरच्या पॉलिसीचं पुस्तक काढा आणि न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत 'एक्स्क्लुजन ०६' शोधा. विमा नियामकानं २०१९ मध्ये हे कलम सगळ्या कंपन्यांसाठी सारखं करून दिलं. वजनाच्या ऑपरेशनचा खर्च कधी नाकारता येत नाही, हे त्यात लिहिलंय. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ किंवा जास्त हवं आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा आकडा, ४० किंवा जास्त हवा. बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल तर सोबत एखादा गंभीर आजार हवा आणि साधे उपाय करूनही गुण आलेला नसावा. त्या आजारांच्या छोट्याशा यादीत तीव्र स्लीप ॲप्नियाचं नाव स्पष्ट आहे.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर एएचआय ४२ आहे, म्हणजे तासाला सरासरी ४२ वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो. ३० पासून पुढे तीव्र मानतात. बीएमआय ३७.४ येतो. म्हणजे सव्वाचार लाखांचं ऑपरेशन तुमच्या खिशाला एक लाख साठ हजारांपेक्षा स्वस्त पडू शकतं.

अडचण एकाच ठिकाणी आहे. एक रात्र मास्क लावून काढून ठेवला, याला साधा उपाय करून पाहिला असं कुणी म्हणणार नाही. त्यामुळे पहिला खर्च मशीनचा. ते भाड्यानं मिळतं, विकत घ्यायचं तर चाळीस-पन्नास हजारांच्या आसपास. बहुतेक पॉलिसी मशीनचे पैसे देत नाहीत, तेवढे घरातून घालावे लागतील. मास्कचा आकार बदलून बघा, नाकापुरता मास्क मागा. मशीन किती तास वापरलं याची नोंद त्यातल्या कार्डावर राहते. ती नोंद, आहारतज्ज्ञांचे कागद आणि वजनाच्या तारखा एका फाइलमध्ये लावा. शिवाय कुठलंही ऑपरेशन ठरलं तरी भूल देण्याआधी मशीनची सवय असलेली बरी.

आता घशाच्या ऑपरेशनबद्दल. पडजीभ आणि टाळूचा मऊ भाग कापून वाट मोकळी करायची ही शस्त्रक्रिया फुजिता यांनी १९८१ मध्ये मांडली. टॉन्सिल मोठे असतील तर ती चांगला गुण देते. अडथळा जिभेच्या मागे किंवा वजनामुळे असेल तर फार कमी. माझ्या एका जुन्या क्लायंटनं असंच 'स्वस्तातलं' म्हणून पदरचे पैसे घालून ते करून घेतलं. घोरणं थांबलं, घरचे खूश झाले. वर्षानं पुन्हा तपासणी केली तर श्वास तसाच अडकत होता, फक्त आवाज गेला होता. शेवटी मशीन घ्यावंच लागलं. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना सरळ विचारा की अडथळा नेमका कुठे आहे आणि झोपेतली एंडोस्कोपी करून तो बघता येईल का. टॉन्सिलच मोठे आहेत असं निघालं, तर माझा सगळा हिशेब बाजूला ठेवा.

स्लीव्हचाही खर्च ऑपरेशनवर संपत नाही. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. सैल कातडीच्या ऑपरेशनला विमा सहसा पैसे देत नाही. वजन उतरल्यावरही काहींना मशीन कमी दाबावर चालू ठेवावं लागतं, त्यामुळे स्लीप स्टडी पुन्हा करावी लागेल. कुणी वजन उतरवायचं इंजेक्शन सुचवेल. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलीग्रॅमच्या एका आठवड्याच्या डोसला ४,३७५ रुपये होते, त्या दरानं वर्षाचे सव्वादोन लाखांपर्यंत जात होते आणि डोस वाढला की आणखी. औषध बंद केलं की वजन परत येण्याचा धोका असतो. एफडीवर हा भार मी टाकणार नाही.

क्लेमचा क्रम असा ठेवा. आधी ग्रुप पॉलिसीवर कॅशलेस, मग सेटलमेंट लेटर आणि बिलांच्या प्रती जोडून उरलेली रक्कम फ्लोटरकडे मागा. दोन्हींत बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवायच्या ऑपरेशनसाठी वेगळी मर्यादा किंवा प्रतीक्षा काळ आहे का, हे ईमेलवर लेखी विचारा. रूमची मर्यादा ५ हजार असताना ८ हजारांची रूम घेऊ नका, डॉक्टरांच्या फीसह बरंचसं बिल त्याच प्रमाणात कापलं जातं. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग एका वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही.

तरीही लाखभर कमी पडले तर एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज काढा. व्याज एफडीच्या दरापेक्षा थोडंच जास्त असतं आणि मुलीची रक्कम जागेवर राहते.

आणि मशीनची सवय होऊन दिवसाची झोप जाईपर्यंत मिस्टरांची बाइक घरीच राहू द्या. कंपनीची बस असेल तर बस, नाहीतर रिक्षा. महिन्याचे ते दोन-तीन हजार मी तुमच्या बजेटमध्ये सगळ्यात वर लिहिलेत.