वाचकांचे प्रश्न : एका अक्षरात मावलेलं वर्ष

प्रश्न : जपानमध्ये दर डिसेंबरला सरत्या वर्षाचं एक अक्षर निवडतात, असं तुम्ही मागे लिहिलं होतं. पहिलं अक्षर कोणतं होतं? आणि दुसरं विचारायचं ते असं, की आमचं घर किल्लारीच्या भूकंपात गेलं. आम्हाला भूकंप म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पण जपानी माणूस तर भूकंपातच वाढतो. मग १९९५ च्या भूकंपात कोबे शहरात एवढी माणसं कशी गेली?
– एक शिक्षक, औसा

उत्तर : गुरुजी, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पहिलं अक्षर १९९५ सालचं, 'शिन'. शिन म्हणजे थरथरणं, हादरणं. भूकंपाला जपानीत 'जिशिन' म्हणतात, त्यातला हा शिन. अक्षराच्या डोक्यावर पावसाची खूण असते. क्योतोच्या कियोमिझु देवळात मुख्य पुरोहितांनी भल्यामोठ्या कागदावर जाड कुंचल्याने ते लिहिलं, आणि तेव्हापासून दर डिसेंबरला ही प्रथा चालू आहे.

मी त्या वर्षी ओसाकात भाषा शिकत होते. १७ जानेवारी, मंगळवार, पहाटेचे ५:४६. आदल्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे सगळे गाढ झोपेत. फळीवरचा अक्षरांचा जाडजूड कोश माझ्या उशीशेजारी धाडकन पडला. घरमालकीणबाई जिन्यातून ओरडत होत्या, "आधी पाणी भरून ठेव!" ओसाकात माझं फक्त कोश पडण्यावर निभावलं. पलीकडे, तासाभराच्या अंतरावर, कोबे शहर कोसळलं होतं. उंचावरचा हानशिन महामार्ग खांबांसकट आडवा झाला होता. एकूण ६,४३४ माणसं गेली.

आता 'कशी गेली' याबद्दल. जमिनीने नाही मारलं, गुरुजी, घरांनी मारलं. कोबेतली जुनी लाकडी घरं वादळवाऱ्याचा विचार करून बांधलेली. वाऱ्याने कौलं उडू नयेत म्हणून त्यांच्याखाली ओल्या मातीचा थर देत. घर खालून हलकं आणि डोक्यावर मातीचं ओझं. हे वाचताना तुम्हाला माळवद आठवलं असेल. मलाही तेच आठवलं होतं. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन आटोपून लोक झोपलेले, पहाटेचे ३:५६, आणि दगडमातीच्या भिंतींसकट माळवदं अंगावर आली. दोन्हीकडे माणसं झोपेत, दोन्हीकडे छपराखाली. कोबेतही बहुतेक जण गुदमरून किंवा चिरडून गेले, आणि तेही पहिल्या काही मिनिटांत. नागाता भागात आगी लागल्या. जलवाहिन्या फुटल्यामुळे अग्निशामक दलाच्या हातात नळी होती, पण पाणी नव्हतं.

जपानने १९८१ सालीच घरबांधणीचे नियम कडक केले होते. त्या नियमांनी बांधलेल्या इमारती बऱ्याच अंशी टिकल्या. पण आधीच्या घरांचं काय? ती तशीच उभी होती. शिवाय ओसाका-कोबेकडे 'मोठा भूकंप तोक्योकडचा, आपल्याकडचा नाही' अशी समजूत घट्ट होती. हे मी माझ्या घरमालकीणबाईंच्या तोंडून भूकंपाआधी दोनदा ऐकलं होतं. जुन्या इमारतींची तपासणी आणि मजबुती व्हावी यासाठीचा कायदा त्याच वर्षी डिसेंबरात लागू झाला. एवढी माणसं गेल्यावर! मला याचा आजही राग येतो.

त्या आठवड्याच्या शेवटी आम्ही वर्गातल्या चौघी पाठीवर पाणी आणि भाताचे गोळे घेऊन निघालो. हानक्यू रेल्वे निशिनोमियापर्यंतच जात होती, पुढे चालत. रस्त्याने आमच्यासारख्यांची रांगच्या रांग, सगळ्यांच्या पाठीवर पिशव्या, आणि कुणी कुणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. मोडक्या घरांवर निळी ताडपत्री. एका दारावर पुठ्ठ्याचा तुकडा अडकवला होता. त्यावर लिहिलं होतं, 'सगळे सुखरूप, शाळेत आहोत'. खाली एका लहान हाताने काढलेलं मांजर.

त्या वर्षी दहा लाखांहून जास्त लोक असे मदतीला गेले. जपानीत १९९५ ला 'स्वयंसेवेचं पहिलं वर्ष' म्हणतात ते त्यामुळे. पण ढिगाऱ्याखालच्या माणसांची खरी सुटका आधीच झालेली होती, आणि ती केली शेजाऱ्यांनी. कोबेजवळच्या आवाजी बेटावरच्या होकुदान गावाचं उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. भूकंपाचा केंद्रबिंदू त्या गावापासून जवळच. पण तिथल्या गावकरी अग्निशामक पथकाला कोण कुठल्या खोलीत झोपतं हे ठाऊक होतं. ते थेट त्याच जागी उकरायचे. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्यांचा शोध पुरा झाला होता.

'शिन'मध्ये भूकंपापलीकडचंही बरंच आलं. त्या ऑगस्टमध्ये ह्योगो बँक बुडाली. युद्धानंतर जपानी बँक बुडण्याची ती पहिलीच वेळ, लोकांचा विश्वासच हादरला. आणि मार्चमध्ये तोक्योत जे घडलं ते पुढच्या प्रश्नात येतंच आहे.

प्रश्न : नुकतीच तोक्योला जाऊन आले. एवढं स्वच्छ शहर, पण भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर कचऱ्याचा डबा शोधून सापडत नाही! असं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : याचं मूळही १९९५ मध्येच आहे. २० मार्चच्या सकाळी, कचेऱ्यांच्या गर्दीच्या वेळी, ओम् शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी पाच गाड्यांमध्ये सारिन हा विषारी वायू सोडला. द्रवरूप विष प्लास्टिकच्या पिशव्यांत, वरून वर्तमानपत्र गुंडाळलेलं. छत्रीचं टोक घासून धारदार केलं होतं, त्याने पिशव्या भोसकल्या आणि ते उतरून गेले. या गाड्या कासुमिगासेकीकडे, म्हणजे सरकारी मंत्रालयांच्या भागाकडे जात होत्या. हजारो लोकांना बाधा झाली. कासुमिगासेकी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांनी गाडीतलं गळणारं पुडकं आणि फरशीवरचं पाणी साफ केलं, त्यातले दोघे वाचले नाहीत. रोजच्यासारखं आपलं काम करत होते ते. दर वर्षी २० मार्चला सकाळी तिथले कर्मचारी हातातलं काम थांबवून उभे राहतात.

त्या हल्ल्यानंतर, डब्यांत कुणी असं काही लपवू नये म्हणून, स्टेशनांवरचे डबे उचलले गेले किंवा त्यांची तोंडं बंद केली गेली. पुढे काही ठिकाणी आतलं दिसेल असे पारदर्शक डबे आले, पण जुनी सोय काही परतली नाही. पुढच्या वेळी जाताना पर्समध्ये घडी केलेली एक रिकामी पिशवी ठेवा. तिथल्या बायका ठेवतात तशी. कचरा त्यात घालायचा आणि मुक्कामी परतल्यावर टाकायचा.