एकच विमान, तीन मतं

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात आम्ही घरातले चौघं एकाच विमानानं गेलो. उतरलो नाही तोच कंपनीची प्रश्नावली मोबाइलवर आली, पाचपैकी किती तारे द्याल म्हणून. आमचे हे म्हणाले दोन, जेवणाला चवच नव्हती. मुलगी म्हणाली चार, कारण गुडघे पुढच्या सीटला टेकत नव्हते आणि चार्जिंगची सोय होती. सासूबाईंनी पाचच्या पाच दिले, का तर क्रूमधल्या एका मुलीनं खाली बसून त्यांच्या बुटाची नाडी बांधली. आता मी कुणाचं ऐकू? पुढच्या वेळी कंपनी निवडताना नेमकं काय बघायचं?

उत्तर : आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तेवीस वर्षं मी केबिन क्रूमध्ये होते, त्यातली शेवटची नऊ पर्सर, म्हणजे क्रूची प्रमुख म्हणून. इतक्या वर्षांत जेवणाचा, स्वच्छतेचा, स्क्रीनचा रकाना प्रत्येक प्रश्नावलीत पाहिला. नाडीचा कुठेच नव्हता.

तिघांचंही बरोबर आहे, फक्त तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींना गुण दिलेत.

तुमच्या यजमानांच्या तक्रारीत थोडा वाटा त्यांच्या जिभेचाही आहे. रागावू नका म्हणावं. उडत्या विमानातला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका असतो, आणि हवेतला दमटपणा बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली. नाक कोरडं पडतं, वास कमी येतो, आणि वास गेला की चव गेलीच. लुफ्तान्सानं जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून २०१० मध्ये याची तपासणी करून घेतली, तेव्हा कमी दाबात मीठ आणि साखर दोन्ही फिकी लागतात असं दिसलं. टोमॅटोचा रस मात्र वर भाव खाऊन जातो. जमिनीवर त्याला नाक मुरडणारी माणसं वर हटकून तोच मागतात, हे ट्रॉली ढकलताना मी कितीदा तरी पाहिलंय. त्यात जेवण जमिनीवर शिजवून, थंड करून, गॅलीतल्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघरातल्या, ओव्हनमध्ये पुन्हा गरम केलेलं. म्हणून चव गेली हा हवेचा गुन्हा, पण गार दिलं हा आमचा. गार असेल तर खुशाल दोन तारे द्या.

मुलगी हुशार आहे. तिनं जे पाहिलं ते तिकीट काढण्याआधीही बघता येतं, आणि बहुतेक लोक नेमकं तेच बघत नाहीत. लोक विचारतात, ‘कुठली कंपनी चांगली?’ मी उलट विचारते, ‘विमान कुठलं आहे?’ एकाच कंपनीकडे चार तऱ्हेची विमानं असतात आणि चारही ठिकाणी तुमची पाठ वेगळं बोलते. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ या दोन्हींत एका ओळीत सहाच सीट, पण एअरबस आतून सहा-सात इंचांनी रुंद. वाटून घेतलं तर माणशी इंचभर. इंच म्हणजे काय, असं वाटतं ना? मधल्या सीटवर बसून दोन्ही बाजूंची कोपरं तीन तास सोसा, मग सांगा. बोइंग ७७७ मध्ये पूर्वी एका ओळीत सर्रास नऊ सीट असायच्या, आता बऱ्याच कंपन्या दहा बसवतात. विमान काही फुगलेलं नाही; सीटच साडेअठरा इंचांवरून सतराच्या आसपास आली.

गुडघ्यांचा हिशोब वेगळा. एका सीटच्या एखाद्या खुणेपासून पुढच्या सीटच्या त्याच खुणेपर्यंतच्या अंतराला आमच्याकडे ‘पिच’ म्हणतात. इकॉनॉमीत ते बहुधा २८ ते ३२ इंच असतं. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सीटची पाठ पातळ असेल तर २९ इंचांतही गुडघे सुटतात. जाड असेल तर ३१ सुद्धा तोकडे पडतात. पातळ पाठीची सीट तासाभरानं ढुंगणाला फळीसारखी लागते ही गोष्ट निराळी. प्रवास लांबचा असेल तर आणखी एक बघा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या विमानांत आतला दाब सहा हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका ठेवतात, जुन्या विमानांत तो कमी होऊन आठ हजार फुटांवरच्या दाबापर्यंत जातो. जाहिरातीत सीटचा रंग दाखवतात, हे दाखवता येत नाही. दहा तासांनी डोकं किती जड झालंय त्यावरून कळतं.

आता नाडी. १८० सीटच्या विमानात आम्ही बहुधा चौघं असतो, कारण ५० सीटमागे किमान एक क्रू हा सर्वत्र रूढ असलेला नियम. तो चहा वाटण्यासाठी केलेला नाही. निम्मी दारं बंद असली तरी ९० सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे यासाठी आहे. दीड तासाच्या फ्लाइटमध्ये वर चढणं आणि खाली उतरणं वजा केलं की ट्रॉली फिरवायला जेमतेम चाळीस मिनिटं उरतात. दोन ट्रॉल्या, प्रत्येकीवर ९० माणसं. भागाकार करा : माणशी २७ सेकंद. त्यात विचारायचं, ओतायचं, द्यायचं, सुटे नाहीत म्हणून थांबायचं, आणि मागून कुणी स्वच्छतागृहाकडे निघालं की ट्रॉली मागे घ्यायची. अशा धबडग्यात जी मुलगी खाली बसून नाडी बांधते तिनं ते सेकंद कुठून तरी चोरलेले असतात. सासूबाईंना ते कळलं. पाच तारे महाग नाहीत.

पण तिघांच्याही उत्तरात एक गोष्ट नाही, कारण तुमच्या प्रवासात काही बिघडलंच नाही. मी कंपनी जोखते ती बिघडल्यावर.

एकदा दारं लावून आम्ही अडीच तास जमिनीवर उभे होतो. एका झडपेचा इशारा-दिवा विझत नव्हता. पहिला तासभर कॉकपिटमधून नुसतं येत होतं, ‘थोड्याच वेळात निघू.’ तीन वेळा ‘थोड्याच वेळात’ झालं आणि चौथ्यांदा लोक उसळले. कॉल बेलचे दिवे एकामागोमाग एक पेटत गेले, मी आठव्या ओळीत असताना एकविसावीत कुणी तरी टाळ्या वाजवून बोलावत होतं. मग कॅप्टन स्वतः बाहेर आले. टोपी काढून काखेत धरली, पहिल्या ओळीपाशी उभे राहून माझ्या हातातला हँडसेट घेतला आणि सांगितलं : दिवा कशाचा आहे, इंजिनिअर आत्ता काय उघडून बघतोय, आणि ‘किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. वीस मिनिटांनी पुन्हा बोलेन. सांगण्यासारखं काही नसलं तरी बोलेन.’ वीस मिनिटांनी खरंच आले आणि म्हणाले, ‘सांगण्यासारखं काही नाही.’ मागच्या ओळींत कुणीतरी फस्सकन हसलं. त्यानंतर बेल वाजल्या त्या फक्त पाण्यासाठी.

तेवढ्याच उशिराचा पहिला तास आणि पुढचा दीड तास. सीट तीच, भूक वाढलेली, तरी केबिन निराळी. त्या फ्लाइटबद्दल नंतर ऑफिसात पत्रं आली, त्यात कौतुकाची जास्त होती. उलट वेळेवर गेलेल्या, एक थेंबही न सांडलेल्या फ्लाइटबद्दल कुणी पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. बॅग पट्ट्यावर आली म्हणून आभार कोण मानतं? आली नाही तर आयुष्यभर विसरत नाहीत. जपानचे प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये गुणवत्तेची जी विभागणी मांडली तिच्यात असा एक प्रकारच आहे : असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही, नसेल तर संताप होतो. विमानप्रवासातल्या निम्म्या गोष्टी त्याच पेटाऱ्यातल्या. स्वच्छतागृह घ्या ना. पहिल्या तासात ते चकचकीतच असतं. सातव्या तासाला कुणी आत जाऊन पुसलंय का, हे बघायचं.

म्हणून तारे मोजू नका. पाच तारे देणारा खूश असतो आणि एक तारा देणारा चिडलेला, दोघांकडूनही फारसं कळत नाही. तीन तारे देणाऱ्यांचं वाचा. ते सावकाश लिहितात : फ्लाइट रद्द झाल्यावर काउंटरवर माणूस होता का, दुसरं तिकीट कुणी काढून दिलं, बॅग हरवली तेव्हा फोन उचलला का. आणि ‘वेळेवर’च्या आकड्यांना भुलू नका. १५ मिनिटांपेक्षा कमी उशीर हा या धंद्यात उशीर धरतच नाहीत, शिवाय वेळापत्रकातच अर्धा तास जास्तीचा लावून ‘आम्ही लवकर पोचलो’ म्हणणारेही आहेत.

तुमच्या फ्लाइटला मी किती दिले असते? साडेतीन. जेवण गार होतं का ते तुम्ही लिहिलं नाहीत.

प्रश्न : पुढच्या माणसानं सीट मागे केली तर सांगावं का? मी सहा फुटी आहे, गुडघे अडकतात.

उत्तर : सांगावं, पण सीटला ढोसून नाही. सीट मागे होते म्हणजे त्यानं करायला हरकत नाही, आणि तुमचे गुडघे खरे आहेत. दोन्ही एकाच वेळी खरं असल्यामुळे या भांडणात क्रूला कुठलीच बाजू घेता येत नाही. जेवणाच्या वेळी सगळ्यांना सीट सरळ करायला सांगायचा आमचा रिवाज आहे, तेवढं हक्कानं मागा. एरवी खांद्याला हात न लावता, वाकून, हळू आवाजात ‘थोडी पुढे घेता का’ म्हणा. दहातले आठ घेतात. उरलेल्या दोघांसाठी आम्हाला बोलवा. रिकामी सीट असली तर आम्ही हलवतो. बुकिंग करताना आपत्कालीन दाराच्या ओळीतली जागा मिळाली तर उत्तमच, पण त्या ओळींतल्या काही सीट स्वतः मागे होत नाहीत आणि वेळ आली तर ते जड दार तुम्हालाच उघडावं लागेल, हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : क्रूचं कौतुक लिहून दिलं तर ते कुणी वाचतं का?

उत्तर : वाचतं. फ्लाइट नंबर, तारीख, तुमची सीट आणि शक्य तर छातीवरच्या पाटीवरचं नाव लिहा. ‘सगळे छान होते’ यातून कुणाच्याच फायलीत काही जात नाही. तक्रारीचंही तसंच, वेळ घालून लिहा.

फक्त कागद नीट घ्या. त्या अडीच तासांच्या फ्लाइटमध्ये एका आजोबांनी समोरच्या खिशातली उलटीची पिशवी काढून तिच्यावर कॅप्टनसाठी चार ओळी लिहिल्या, व्यवस्थित घडी घालून माझ्या हातात दिली. मी ती गॅलीच्या कट्ट्यावर ठेवली. माझ्या सहकारणीला वाटलं ती वापरलेली आहे, तिनं दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली. उतरल्यावर चहाच्या कपांखालून मी ती शोधून काढली. पेन बॉलपेन होतं म्हणून वाचलं.