बातमी जुनी झाल्यावर

प्रिय,

युक्रेनच्या युद्धाबद्दलचं तुझं पत्र वाचलं. राग समजला, रात्री झोप लागत नाही तेही समजलं. पण ‘बाई, इथं बसून आपण काय करणार?’ या वाक्यावर आले आणि माझाच पारा चढला. तुला खरंच विचारायचं असतं, तर उत्तराची वाट बघितली असतीस. तू तर पुढच्याच ओळीत ‘म्हणून मी आता बातम्या बघणंच सोडलंय’ असं लिहून मोकळा झालास.

आक्रमण म्हणजे आक्रमण, त्याला रशियानं विशेष मोहीम म्हटलं म्हणून ते दुसरं काही होत नाही, हे तुला पटलेलं आहे. ते पटवण्यात शाई घालवत नाही. तुझं मन किती हळवं आहे, वगैरे कौतुकही करत नाही. माझा एकच प्रश्न आहे आणि तो या पत्रात मी पुन्हा पुन्हा विचारणार आहे. बातमी पहिल्या पानावरून गेली की तू काय करतोस?

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. त्या आठवड्यात तुझ्या फोटोभोवती युक्रेनच्या झेंड्याची निळी-पिवळी पट्टी होती, मी पाहिली होती. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मतदान झालं. १४१ देश निषेधाच्या बाजूनं, ५ विरोधात, ३५ तटस्थ. आपला देश कुठल्या रकान्यात बसला यावर तेव्हा चहाच्या टेबलावर भांडणं झाली. १६ मार्चला मारिउपोलच्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला. आत शेकडो माणसं आसऱ्याला होती आणि बाहेर जमिनीवर, विमानातून दिसेल एवढ्या मोठ्या रशियन अक्षरांत ‘मुलं’ असं लिहिलेलं होतं. तो फोटो तूच मला पाठवला होतास. खाली लिहिलं होतंस, ‘हे मी कधीच विसरणार नाही.’

विसरलास असं मी म्हणत नाही. पण त्या फोटोनंतर तू काय केलंस ते मला या पत्रात कुठं सापडलं नाही.

आक्रमण करणारा हा हिशोब आधीच मांडून बसलेला असतो. दूरच्या लोकांचा संताप ही त्याच्या लेखी सोसायची गोष्ट असते, काही आठवडे टिकणारी. पुढं लोक कंटाळतात, महागाईकडं वळतात, ‘दोन्ही बाजूंचं काहीतरी असेल’ म्हणू लागतात. त्याला आपला राग नको असतो, पण त्याची भीतीही नसते. भीती असते ती न कंटाळणाऱ्या माणसाची.

एक जुनी गोष्ट सांगते. १९३५ च्या जूनमध्ये ब्रिटनमधल्या एका जनमतचाचणीचे निकाल आले. एक कोटीहून अधिक लोकांनी कौल दिला होता की आक्रमक देशाला आर्थिक निर्बंध घालून रोखावं. ऑक्टोबरात मुसोलिनीनं इथिओपियावर सैन्य पाठवलं. डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सॅम्युएल होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान पिएर लावाल यांनी गुपचूप एक योजना ठरवली: इथिओपियाचा मोठा लचका इटलीला देऊन टाकायचा आणि प्रकरण मिटवायचं. पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी ती फोडली. मग ब्रिटनमध्ये साध्यासुध्या माणसांनी आपापल्या खासदारांना पत्रं लिहिली, इतकी की सत्ताधारी पक्षाचेच खासदार हादरले. १८ डिसेंबरला होर यांना राजीनामा द्यावा लागला. पत्रांनी, अरे! तुझ्या भाषेत ‘इथं बसून’ लिहिलेल्या पत्रांनी.

तू म्हणशील, मग इथिओपिया वाचला का? नाही वाचला. राष्ट्रसंघानं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेनं, इटलीवर घातलेल्या निर्बंधांच्या यादीत तेल कधीच आलं नाही. सुएझचा कालवा इटलीच्या जहाजांना उघडाच राहिला. विषारी वायू वापरला गेला. ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट हेले सेलासी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढं बोलायला उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारून गोंधळ घातला. आणि जुलैत ते अर्धेमुर्धे निर्बंधही उठवले गेले. डिसेंबरात ज्यांच्या पत्रांनी मंत्री घरी गेला, त्यांची पत्रं तेलासाठी का आली नाहीत? कालव्यासाठी? बातमी जुनी झाली होती. लोकांना वाटलं, होर गेला म्हणजे काम झालं. मला या गोष्टीत होरचा राजीनामा फारसा महत्त्वाचा वाटत नाही. त्यानंतरचे सहा-सात महिने महत्त्वाचे वाटतात.

दुसरी गोष्ट तुला जास्त आवडेल, कारण तिच्यात लोखंड आहे. नोव्हेंबर १९३८. जपानी सैन्यानं चीनमधल्या नानजिंग शहरात केलेल्या कत्तलीला वर्षही झालेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बला बंदरात ‘डालफ्रॅम’ नावाचं जहाज लागलं होतं आणि त्यात जपानला जाणारं बिडाचं लोखंड भरायचं होतं. गोदी कामगारांनी हात वर केले. याच लोखंडाचे बॉम्ब होऊन चीनवर पडणार, आम्ही भरणार नाही. सरकारनं परवान्याचा कायदा पुढं केला. परवाना घ्या, नाहीतर काम विसरा. कामगार त्या परवान्याला कुत्र्याचा पट्टा म्हणत. पोलाद कंपनीनं कारखाना बंद केला, हजारो लोक घरी बसले. सिडनीतले चिनी लोक भाजीपाला घेऊन त्यांच्या मदतीला आले. जवळजवळ दहा आठवडे हे चाललं. शेवटी, जानेवारी १९३९ मध्ये, निषेध नोंदवून त्यांनी तो माल भरला आणि जहाज गेलं. हरले, असं म्हणता येईल. पण त्या वेळचे महाधिवक्ता रॉबर्ट मेंझीस यांना ‘पिग आयर्न बॉब’, म्हणजे बिडाच्या लोखंडाचा बॉब, हे नाव चिकटलं ते पंतप्रधान झाल्यावरही सुटलं नाही. एका देशाचं ‘तटस्थ’ व्यापारधोरण नेमकं काय आहे हे त्या मूठभर माणसांनी उघडं पाडलं.

त्यांच्याकडं काय होतं? चीन कुठं आहे हे त्यांतल्या कित्येकांनी नकाशावरच पाहिलं असेल. पण युद्धाची एक दोरी त्यांच्या हातातून जात होती आणि ती त्यांनी ओळखली. तू आधी तेच कर. तुझ्या हातातून कुठली दोरी जाते ते बघ. तुझी कंपनी काय विकते, कुणाला विकते, तुझ्या देशात तेल कुठून येतं, त्यावर तुझ्या लोकप्रतिनिधीनं कधी तोंड उघडलंय का? यातलं काही शोधायला युद्धभूमीवर जावं लागत नाही. कंटाळवाणी कागदपत्रं वाचावी लागतात.

हो, कंटाळवाणी. तुला सेवाभावी पथकात जायचं आहे हे मला दिसतं. प्रत्येक विशीतल्या मुलाला डॉ. कोटणीस व्हायचं असतं. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते परतलेच नाहीत, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले. त्यांच्यापुढं मीही हात जोडते. पण त्या पथकासाठी ज्यांनी पैसे दिले, औषधांची खोकी बांधली, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांग. ते पाच जण तिथं पोचले ते या बिननावाच्या लोकांच्या जिवावर. तुला जखम शिवता येत नाही, तेव्हा सध्या खोकी बांध.

आता थोडं रोकडं. दर महिन्याला तुझ्या पगारातून जाणारी एक रक्कम ठरव, लहान असू दे, आणि ती रेडक्रॉससारख्या तिथं खरोखर काम करणाऱ्या संस्थेला बँकेतून आपोआप जाऊ दे, म्हणजे तुझ्या मूडवर ती अवलंबून राहणार नाही. जुने कपडे गोळा करून पाठवू नकोस, ते लावत बसायला तिथं माणसं नसतात. व्हिडिओ पुढं ढकलण्याआधी तो कधीचा आणि कुठला ते तपास. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं युक्रेनची म्हणून फिरली, इतकी की गेम बनवणाऱ्या कंपनीला २०२२ मध्ये खुलासा करावा लागला. तुझ्या एका खोट्या क्लिपनं दहा खऱ्या क्लिपांवरचा विश्वास उडतो. आणि तिथून आलेला कुणी विद्यार्थी, कुणी कुटुंब तुझ्या आसपास असेल तर त्यांच्या फॉर्मांत, भाड्याच्या घरांत, मुलांच्या शाळांत मदत कर. हे सगळं तुला माहीत आहे. बातमी नसताना ते करतोस का, एवढंच मी विचारते आहे.

कायद्याचा भागही धर, तिथं तर चिकाटीशिवाय काही हलतच नाही. १७ मार्च २०२३ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं मुलांच्या बेकायदा स्थलांतराबद्दल पुतिन आणि त्यांच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलं. पण आक्रमण हाच गुन्हा धरून रशियाच्या नेत्यांवर तिथं खटला चालत नाही, कारण रशियानं त्या न्यायालयाचा करार मान्य केलेला नाही. त्यासाठी वेगळं विशेष न्यायाधिकरण हवं, ही मागणी युद्धाच्या पहिल्या दिवसांतली. करारावर सह्या झाल्या २५ जून २०२५ ला, स्ट्रासबर्गमध्ये. मधली तीन वर्षं कुणीतरी फायली पुढं सरकवत होतं. लोकप्रतिनिधीला पत्र लिहिशील तेव्हा ‘शांतता नांदावी’ असं लिहू नकोस, त्यावर तोही ‘नांदावी’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘या न्यायाधिकरणाला आपला पाठिंबा आहे की नाही, नसेल तर का?’ असं विचार. उत्तर नाही आलं की पुढच्या महिन्यात पुन्हा तेच विचार.

तुझा तो मित्र, ज्यानं ‘इराकच्या वेळी कुठं होता तुम्ही?’ असं विचारून तुला गप्प केलं. मी होते रे. १५ फेब्रुवारी २००३ ला जगभरच्या शेकडो शहरांत लाखो लोक रस्त्यावर आले होते, मार्चमध्ये तरीही इराकवर हल्ला झाला. दुसऱ्या देशाच्या भूमीवर बळ वापरू नये हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) वॉशिंग्टनलाही लागू आहे आणि मॉस्कोलाही. त्याला म्हणावं, तुला ज्या युद्धाचा राग येतो ते तू धर, मी माझं धरते, दर महिन्याला एकमेकांना हिशोब देऊ. तो बहुतेक फिरकणार नाही. त्याला कुठलंच युद्ध नको असतं, त्याला फक्त तू गप्प बसायला हवा असतोस.

२००३ नंतर मी मोर्चांना जाणं सोडलं. यावरून माझ्या जुन्या मैत्रिणी मला टोमणे मारतात, एक तर बोलेनाशी झाली, आणि तिचं बोलणं बंद झालं याचं मला अजून वाईट वाटतं. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. मोर्चाहून लोक हलके होऊन घरी येतात. आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जातात. मला तो हलकेपणा नको होता. मी महिन्याच्या पहिल्या तारखेला पत्र टाकते. घरात त्याची थट्टा होते, ‘आईचा रणगाडा निघाला’ म्हणतात. एकदाच उत्तर आलं, तेही छापील, माझं आडनाव चुकवून. असू दे. त्या कार्यालयात कुणीतरी ते पाकीट फोडतं, त्यावर शिक्का मारतं, नोंदवहीत विषय लिहितं. महिन्यातून एकदा त्या नोंदवहीत ते युद्ध चालू असतं. हे थोडं आहे हे मला कुणी सांगायला नको. थोडं आहे म्हणून सोडून देणाऱ्यांनी त्याऐवजी जास्त काय केलं, एवढं मला कुणी दाखवावं.

बघ, तुझ्या पत्राचं उत्तर लिहायला बसले आणि स्वतःचीच वकिली करायला लागले.

एक राहिलं. ‘सगळे रशियन सारखेच’ असं तू लिहिलंस ते खोड. साशा स्कोचिलेंको या पीटर्सबर्गच्या चित्रकार बाईनं मार्च २०२२ मध्ये सुपरमार्केटमधल्या किमतीच्या चिठ्ठ्या काढून त्याजागी युद्धाची माहिती लिहिलेल्या चिठ्ठ्या लावल्या. मारिउपोलबद्दलही त्यांत होतं. सात वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. चिठ्ठी केवढी असते ते माहीत आहे ना? त्यावर मजकूर मावतो किती? तिथं बसून तिनं तेवढं केलं, आणि इथं तुला एका पाकिटासाठी कुणी तुरुंगात टाकणार नाही.

तेव्हा बातम्या पुन्हा सुरू कर, रोज नको, आठवड्यातून एकदा बस. वर सांगितलेल्यातलं एकच काम निवड, दोन नकोत, तुझा उत्साह मला माहीत आहे. कुठलं निवडलंस ते आठ दिवसांत कळव. आणि सहा महिन्यांनी, मी विचारलं नाही तरी, ते चालू आहे का तेही कळव. चालू नसेल तर कारणं लिहू नकोस, पुन्हा सुरू कर आणि मग लिही.

तुझ्या,
बाई